सरकार युटात कोणासाठी गेले होते?

समान नागरी कायद्यावर वाद पेटला की कुणीतरी अमेरिकेतल्या युटा राज्याचा दाखला काढतोच. एक जण म्हणतो, धर्मस्वातंत्र्याचे माहेरघर म्हणवणाऱ्या अमेरिकेनेही एकोणिसाव्या शतकात मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या पंथाचे बहुपत्नीत्व कायद्याचा बडगा दाखवून बंद केले, मग आपल्याकडेच एवढा संकोच कशाला? दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो, की वाळवंटात जाऊन आपापले राहणाऱ्या एका छोट्या पंथावर बलाढ्य सरकारने फौज धाडली, त्याची मालमत्ता जप्त केली. धर्मात हात घालणारे सरकार शेवटी असेच वागते. दोघांच्याही हाताशी खऱ्या घटना आहेत, पण प्रत्येकाने आपल्याला सोयीच्या तेवढ्याच उचलल्या आहेत. आणि दोघांच्याही कथेत पात्रे दोनच: एक सरकार, एक पंथ. त्या पंथातल्या बायका, त्या प्रदेशातून जाणारे वाटसरू, तिथले मूळ रहिवासी यांना दोन्ही कथांत बोलायला जागाच नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारला युटात हस्तक्षेप करण्याचा अधिकार होता, किंबहुना ते त्याचे कर्तव्य होते. पण चाळीस वर्षांच्या त्या झगड्यात सरकार बहुतेक वेळा स्वतःचा दरारा बसवण्यासाठी उठले आणि ज्यांच्या नावाने उठले त्यांच्या पदरात फार थोडे पडले. एकेका गुन्हेगाराला हुडकून कोर्टात उभे करायची वेळ आली तेव्हा त्याने हात आखडता घेतला. सबंध समाजाला एका दोरीत बांधायची वेळ आली तेव्हा मात्र तो सैल सोडला. ‘हेतू चांगला होता, मार्ग चुकला’ एवढे बोलून हे सोडून देता येत नाही. त्या मार्गामुळेच कोण सुटले आणि कोण भरडले गेले ते ठरले.

आधी मॉर्मनांची बाजू घेऊ, आणि ती पातळ न करता. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिसुरीचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी लेखी हुकूम काढला, की मॉर्मनांना शत्रू समजावे, त्यांचा निःपात करावा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकलावे. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर सशस्त्र टोळी चालून गेली आणि सतरा जण मारले गेले. त्यांत दहा वर्षांचा एक मुलगा होता. तो हुकूम औपचारिकरीत्या रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ दाद मागायला राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरन यांच्याकडे गेले आणि रिकाम्या हाताने परतले. पुढे १८४४ मध्ये इलिनॉयच्या गव्हर्नरने दिलेल्या अभयाच्या भरवशावर स्मिथ कार्थेजच्या तुरुंगात हजर झाले, आणि तिथेच जमावाने त्यांना व त्यांच्या भावाला गोळ्या घातल्या. मग पंथाचे नवे नेते ब्रिगम यंग यांच्या मागून हजारो माणसे बैलगाड्या घेऊन निघाली आणि त्यांची पहिली तुकडी जुलै १८४७ मध्ये युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली. ती जमीन तेव्हा मेक्सिकोची होती. ज्या देशातून जीव मुठीत घेऊन ते बाहेर पडले, तोच देश पुढच्या वर्षीच्या तहाने त्यांच्या मागोमाग तिथे आला.

इथे एक प्रश्न टाळता येत नाही. माणसे मारली जात होती तेव्हा ‘राज्याच्या कारभारात आम्ही काय करणार’ म्हणणारे केंद्र सरकार १८५७ मध्ये अचानक एवढे समर्थ कसे झाले? कायद्याचे उत्तर सरळ आहे. मिसुरी हे राज्य होते. युटा १८५० पासून ‘टेरिटरी’, म्हणजे राज्याचा दर्जा न मिळालेला, थेट केंद्राच्या ताब्यातला प्रदेश होता. हे उत्तर मला मान्य आहे. पण मिसुरीत ज्याचे घर जळाले त्याला हा फरक समजावून सांगता आला असता का?

आता दुसरी बाजू, तीही तितकीच भक्कम. ब्रिगम यंग हे चर्चचे अध्यक्ष, टेरिटरीचे गव्हर्नर आणि आदिवासींच्या कारभाराचे अधीक्षक, असे सगळे एकाच वेळी होते. मतपत्रिकांवर क्रमांक असत, त्यामुळे कोणी कुठे मत दिले ते शोधता येई. मृत्युपत्रे आणि वारसा पाहण्यासाठी असलेली स्थानिक प्रोबेट न्यायालये फौजदारी खटलेही चालवत, आणि ज्युरी अर्थातच त्याच पंथाची. केंद्राने नेमलेले काही अधिकारी १८५१ मध्येच तिथून पळून आले होते. १८५६ च्या सुमाराला चर्चच्या व्यासपीठावरून होणारी भाषणे भयंकर होती. काही पापे रक्त सांडल्याशिवाय धुतली जात नाहीत, असे उघड सांगितले जाई. ज्या मुलखात धर्मगुरू, शासक आणि अप्रत्यक्षपणे न्यायाधीशही एकच माणूस आहे, तिथल्या नागरिकाने दाद कोणाकडे मागायची? कोणतेही जबाबदार सरकार हे चालू देणार नाही, देऊही नये. मॉर्मन छळकथा सांगणाऱ्यांनी या प्रश्नाला बगल दिली की मला त्यांचे बाकीचे ऐकावेसे वाटत नाही.

पण मग सरकारने केले काय? १८५७ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांनी सुमारे २५०० सैनिकांची मोहीम काढली. आधार काय, तर न्यायाधीश ड्रमंड यांच्यासारख्यांच्या तक्रारी. हे ड्रमंड बायकामुलांना मागे टाकून एका दुसऱ्या बाईसह युटात आलेले आणि मॉर्मनांना नीतीचे धडे देणारे गृहस्थ. चौकशी समिती नाही, पडताळणी नाही. नवे गव्हर्नर म्हणून आल्फ्रेड कमिंग यांची नेमणूक झाली, पण तुमच्या जागी दुसरा माणूस येतो आहे हे यंग यांना रीतसर कळवण्याची तसदीही कोणी घेतली नाही. उलट युटाच्या टपालाचा ठेका रद्द झाला. ‘मॉर्मनविरोधी धर्मयुद्ध’ पुकारले तर गुलामगिरीवरचा वणवा त्यात झाकला जाईल, असा सल्ला रॉबर्ट टायलर या राजकीय हितचिंतकाने त्याच एप्रिलमध्ये ब्युकॅनन यांना पत्राने दिला होता. त्या एका पत्रामुळेच फौज निघाली असे मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण कॅन्सस गुलामगिरीच्या प्रश्नावर जळत असताना, गुलामांच्या मालकांपुढे नमते घेणारे प्रशासन युटात मात्र कायद्याच्या राज्याची द्वाही फिरवत होते, हे तर दिसतेच.

सैन्य निघाल्याची बातमी यंग आणि त्यांच्या लोकांना २४ जुलैला मिळाली. खोऱ्यात येऊन दहा वर्षे झाल्याचा उत्सव डोंगरात चालू होता. फौज का येते आहे हे कोणी सांगितलेले नाही, आणि ऐकणाऱ्यांना मिसुरी पाठ आहे. १५ सप्टेंबरला यंग यांनी मार्शल लॉ पुकारला, मॉर्मन स्वारांनी रसदीच्या डझनावारी गाड्या जाळल्या, सैन्य फोर्ट ब्रिजरजवळ बर्फात अडकून पडले. वसंतात सुमारे तीस हजार माणसे उत्तरेकडची घरे सोडून दक्षिणेला निघाली, वेळ पडली तर घरे पेटवून देण्याची तयारी ठेवून. थॉमस केन या मध्यस्थाच्या खटपटीने तडजोड झाली, ब्युकॅनन यांनी सरसकट माफी दिली आणि २६ जून १८५८ रोजी सैन्य ओस पडलेल्या सॉल्ट लेक शहरातून निमूट चालत गेले. आमनेसामने लढाई झालीच नाही, म्हणून या प्रकरणाला ‘रक्तहीन युद्ध’ म्हणायची रीत पडली आहे.

या शब्दाचा मला मनापासून राग येतो. ११ सप्टेंबर १८५७ रोजी, मार्शल लॉ पुकारण्याच्या चारच दिवस आधी, दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज या कुरणात आर्कान्सासहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यातली सुमारे १२० माणसे मारली गेली. मारेकरी स्थानिक मॉर्मन मिलिशियाचे, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलाचे होते, काही पायूट आदिवासी त्यांच्याबरोबर होते. वेढ्यात अडकलेल्या त्या कुटुंबांकडे पांढरे निशाण घेऊन माणूस गेला. शस्त्रे खाली ठेवा, आम्ही तुम्हाला सुखरूप नेतो, असा शब्द दिला गेला. त्या शब्दावर विसंबून बाहेर पडलेले पुरुष, बायका, मोठी मुले, सगळी मारली. सतरा लहानगी तेवढी वाचली, ‘सांगू शकणार नाहीत’ अशा वयाची. नंतर सगळा दोष पायूटांवर ढकलण्यात आला. मिसुरीची आठवण, फौजेची भीती, त्याच वर्षी आर्कान्सासमध्ये झालेला पार्ली प्रॅट या मॉर्मन नेत्याचा खून: ही सगळी कारणे इतिहासकार देतात आणि ती खरी आहेत. पण भीतीने बंदूक का उचलली गेली एवढेच त्यातून कळते. पांढरे निशाण दाखवून दगा का दिला, याचे उत्तर त्यात नाही. आपल्यावर झालेला अन्याय हा दुसऱ्यावर करण्याच्या अन्यायाचा परवाना कधीपासून झाला?

आणि इथेच सरकारची खरी परीक्षा होती. १८५९ मध्ये युटातच कॅम्प फ्लॉइडला हजारो सैनिक बसून होते, देशातल्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या छावण्यांपैकी ती एक. न्यायाधीश जॉन क्रेडलबॉ यांनी प्रोव्हो या गावात न्यायालय भरवले, साक्षीदारांना व कैद्यांना संरक्षण म्हणून सैनिकांची तुकडी मागवली, स्वतः माउंटन मेडोजला जाऊन आले, संशयितांवर वॉरंटे काढली. शंभराहून जास्त माणसे मेली होती, हाडे उघड्यावर पडली होती, नावे निघू लागली होती. मग काय झाले? कोर्टाभोवती संगिनी दिसतात म्हणून गव्हर्नर कमिंग यांनी हरकत घेतली आणि वॉशिंग्टनने न्यायाधीशाची बाजू सोडली: सैन्य मागवण्याचा अधिकार फक्त गव्हर्नरचा. संरक्षण गेले, साक्षीदार पांगले, आरोपी डोंगरात. अफाट खर्च करून हजार मैलांवरून जी फौज आणली, तिचा एकमेव न्याय्य उपयोग समोर आला तेव्हा शांतता बिघडू नये म्हणून तिला छावणीत बसवले. पुढे १८७७ मध्ये जॉन डी. ली या एकाच माणसाला त्याच कुरणात नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. १२० खुनांबद्दल एक शिक्षा, वीस वर्षांनी. सरकारला यंग यांच्या खुर्चीवर आपला माणूस हवा होता, तो बसला. मेलेल्यांचे नातेवाईक दूर आर्कान्सासमध्ये होते.

मूळ रहिवाशांबद्दल तर दोन्ही पक्षांत भांडणच नव्हते. मॉर्मनांनी वसवलेली खोरी यूट, शोशोनी, गोशूट, पायूट यांची होती. यूटांशी त्यांचा रक्तरंजित झगडा १८५० पासूनच सुरू झाला होता. आणि २९ जानेवारी १८६३ रोजी बेअर नदीकाठी कर्नल पॅट्रिक कॉनर यांच्या केंद्रीय सैनिकांनी शोशोनी वस्तीवर पहाटे हल्ला चढवला. किमान अडीचशे माणसे मारली गेली, बायकामुलांसह. हे कॉनर मॉर्मनांचे कट्टर विरोधक, ब्रिगम यंग त्यांना पाण्यात पाहत. तरी कॅश खोऱ्यातल्या मॉर्मन वसाहतकऱ्यांना त्या सकाळी सुटकेचा निःश्वास टाकता आला. ‘पंथ विरुद्ध सरकार’ या चौकटीत ही सकाळ कुठे बसवायची?

आता बहुपत्नीत्व. १८५२ मध्ये चर्चने त्याचा जाहीर पुरस्कार केला, १८५६ मध्ये नव्या रिपब्लिकन पक्षाने त्याला गुलामगिरीच्या जोडीने रानटीपणाचा अवशेष ठरवले, १८६२ मध्ये त्यावर बंदी आली. १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने श्रद्धा आणि आचरण यांत रेघ ओढली: श्रद्धा मनात कोणतीही ठेवा, कृतीवर कायदा चालेल. सरन्यायाधीश वेट यांनी उदाहरण दिले ते सतीचे. नवऱ्याच्या चितेवर जाणे हा आपला धर्म आहे असे एखादी बाई मानत असेल, तर सरकारने तिला अडवू नये काय? ओढलेली रेघ मला बरोबर वाटते. पण त्याच निकालात असेही वाक्य आहे, की बहुपत्नीत्व युरोपीय राष्ट्रांना नेहमीच तिरस्करणीय वाटत आले आणि ते जवळपास केवळ आशियाई-आफ्रिकी लोकांचेच लक्षण होते. बाईच्या हिताचा मुद्दा इतक्या लवकर वंशाच्या अहंकारावर कसा घसरतो, ते पाहण्यासारखे आहे.

बायकांचे हाल खोटे नव्हते. स्मिथ यांच्या स्वतःच्या पत्नींपैकी एक चौदा वर्षांची होती, हे चर्चनेच २०१४ मध्ये मान्य केले. ब्रिगम यंग यांची बायको ॲन एलायझा यंग १८७३ मध्ये घटस्फोटासाठी कोर्टात गेली आणि मग देशभर आपली कहाणी सांगत फिरली. तेव्हा ‘त्या बायका सुखी होत्या’ हे कोणी मला सांगू नये. पण सरकारने या बायकांसाठी काय केले ते पाहा. १८८२ च्या एडमंड्स कायद्याने ‘बेकायदा सहवास’ हा नवा गुन्हा केला. अँगस कॅनन यांनी न्यायालयात म्हटले, की कायदा आल्यापासून दुसऱ्या बायकोशी माझा शरीरसंबंध नाही, मी फक्त तिचा आणि मुलांचा सांभाळ करतो. सर्वोच्च न्यायालयाने १८८५ मध्ये सांगितले, की गुन्हा ठरायला तेवढेही पुरे. म्हणजे कायद्याच्या जाचातून सुटायचे तर पुरुषाने त्या बाईला आणि तिच्या पोरांना वाऱ्यावर सोडायचे. तेराशेहून अधिक पुरुष तुरुंगात गेले. नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला म्हणून बेल हॅरिस ही बाई १८८३ मध्ये तान्ह्या मुलाला घेऊन काही महिने तुरुंगात राहिली. याच कॅनन यांची चौथी पत्नी, डॉक्टर मार्था ह्यूज कॅनन, साक्षीच्या भयाने लेकीला घेऊन युरोपात परागंदा झाली. सरकारने निराधार बायकांसाठी सॉल्ट लेकमध्ये मोठे आश्रयगृहही उघडले, आणि तिथे फारच थोड्या बायका आल्या. का याव्यात? ज्या हाताने आसरा देऊ केला, तोच हात पोरांच्या बापाला गजाआड टाकत होता.

यातला सर्वांत बोचरा भाग मताधिकाराचा. युटाच्या विधिमंडळाने फेब्रुवारी १८७० मध्ये स्त्रियांना मत दिले, अमेरिकेत वायोमिंगच्या पाठोपाठ. पूर्वेकडच्या सुधारकांना वाटत होते, की मत मिळाले की या बायका आपोआप बहुपत्नीत्व उलथून टाकतील. त्यांनी तसे केले नाही. मग १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने अमेरिकेच्या संसदेने युटातल्या सगळ्या स्त्रियांचा मताधिकार काढून घेतला. मॉर्मन, बिगरमॉर्मन, विवाहित, कुमारिका, सगळ्यांचा. त्याच कायद्याने चर्चची नोंदणी मोडली, पन्नास हजार डॉलरवरची मालमत्ता जप्त केली, आणि पुढे जन्मणाऱ्या अशा मुलांचा वारसाहक्कही तोडला. जिच्या मुक्तीसाठी लढतो म्हणायचे, तिने आपल्याला हवे तसे मत दिले नाही म्हणून तिचे मतच हिरावून घ्यायचे. आणि शिक्षा कोणाला, तर अजून न जन्मलेल्या मुलाला.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: कडक होते, पण लागू पडले ना? मे १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जप्ती वैध ठरवली आणि सप्टेंबरात चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी बहुपत्नी विवाह सोडल्याचे जाहीरनाम्याने सांगितले. १८९६ मध्ये युटा राज्य झाले. जप्तीशिवाय हे एवढ्या लवकर झाले नसते, हे मी मान्य करते. आपल्याकडे ऐन त्याच सुमारास, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्यावर टिळक आणि आगरकर यांचे जे वाजले, त्यात मी आगरकरांच्या बाजूची आहे. समाज आपला आपण सुधारेल म्हणून पिढ्यांमागून पिढ्या मुलींनी थांबायचे नसते. पण तो कायदा कृत्यावर बोट ठेवत होता. ‘अमुक धर्माचे आहात म्हणून मत देऊ नका’ असे त्यात नव्हते. आणि युटात लागू पडले ते नक्की काय? चर्चच्या नेतृत्वाने सरकारशी तडजोड केली आणि दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांचे भागले. गुपचूप विवाह चालूच राहिले, म्हणून १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा काढावा लागला. ज्यांनी मुळीच ऐकले नाही ते ॲरिझोनाच्या सीमेवर शॉर्ट क्रीकला जाऊन बसले.

शॉर्ट क्रीकचे पुढे काय झाले, यात माझ्या मुद्द्याचा पुरावा आहे. २६ जुलै १९५३ च्या पहाटे ॲरिझोनाच्या गव्हर्नरांनी अख्ख्या गावावर छापा घातला आणि अडीचशेहून जास्त मुले ताब्यात घेतली. आईपासून ओढलेल्या मुलांची छायाचित्रे छापून आली, लोकमत उलटले, मुले परत गेली. त्यानंतर कितीतरी वर्षे कोणी अधिकारी त्या गावात हात घालायला धजेना, आणि त्या शांततेच्या आडोशाने पुढे वॉरन जेफ्स नावाचा प्रेषित अल्पवयीन मुलींची लग्ने लावत राहिला. २००८ मध्ये टेक्सासने त्याच्या पंथाच्या वस्तीतून चारशेहून अधिक मुले एकदम उचलली. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट कारवाई चुकीची ठरवली. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की त्याच छाप्यात सापडलेले पुरावे पुढे कामी आले. पण २०११ मध्ये जेफ्सला जन्मठेप झाली ती विशिष्ट मुलींवरच्या विशिष्ट अत्याचारांबद्दल, एकेका पुराव्यावर. क्रेडलबॉ १८५९ मध्ये हेच करू पाहत होते.

म्हणून युटाचा दाखला देणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. तो दाखला आपल्याकडे फार आधी येऊन गेला आहे, मुंबईत. हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घालणारा मुंबई प्रांताचा १९४६ चा कायदा नरसू अप्पा माळी खटल्यात आव्हानाला आला, तेव्हा १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी श्रद्धा व आचरण यांतला भेद सांगताना अमेरिकेच्या डेव्हिस विरुद्ध बीसन या १८९० च्या मॉर्मन खटल्याचा आधार घेतला. कायदा टिकला, आणि टिकला ते योग्यच झाले. पण डेव्हिस खटला मुळात काय होता? आयडाहोतल्या सॅम्युएल डेव्हिस यांच्यावर दोन बायका केल्याचा आरोपच नव्हता. बहुपत्नीत्व शिकवणाऱ्या संस्थेचा मी सभासद नाही अशी शपथ मतदाराला घ्यावी लागे. मॉर्मन असून ती घेतली, एवढाच त्यांचा गुन्हा. म्हणजे आचरणावर कायदा चालतो हे सांगणाऱ्या त्या निकालात प्रत्यक्षात शिक्षा झाली ती सभासदत्वाला. एखाद्या प्रथेचा पुरस्कार केला म्हणून मत काढून घेता येते, हा त्यातला भाग आता कायदा उरलेला नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. श्रद्धा आणि आचरण वेगळे करणारे नरसू अप्पा माळीचे वाक्य आपल्या वादांत अजूनही फिरते. ज्या माणसाच्या खटल्यातून ते आले, त्याचे मत गेले होते हे मात्र त्याच्याबरोबर फिरत नाही.